उंच चाकावरून पडण्याचा इतिहास

(मोलगी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

मोलगीत येऊन सायकलवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून जो इथे येतो त्याला माहीत असतं, की या मुलुखात अर्धा रस्ता सायकल आपल्याला नेते आणि उरलेला अर्धा आपण सायकलला नेतो. पण आजच्या विषयासाठी मला हीच जागा बरी वाटते. मी ज्या सायकलबद्दल बोलणार आहे, तिचा सगळा इतिहास चढ, उतार, खड्डा आणि दगड यांच्याभोवती फिरतो.

ती सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. पुढचं चाक छातीपर्यंत उंच, मागचं एवढंसं, आणि पुढच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर टोपी घातलेला एक गृहस्थ बसलेला. इंग्रजीत तिला पेनी-फार्दिंग म्हणतात. तिकडची दोन नाणी, एक मोठं, एक लहान. आपल्याकडे कुणी नाव ठेवलं असतं तर ढब्बू पैसा आणि पै असं काहीतरी ठेवलं असतं. हे नाव मात्र ती मोडीत निघायच्या सुमारास पडलं. तिच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे साधारण १८७० ते १८९० या वीस वर्षांत, लोक तिला नुसतं बायसिकल म्हणत. मराठीत पूर्वी सायकलला पायगाडी असा शब्द होता. या गाडीला तो अगदी चपखल बसतो, कारण तिच्यात पाय आणि चाक यांच्यामध्ये दुसरं काहीच नव्हतं.

पहिला प्रश्न असा, की एवढं उंच चाक केलंच कशाला? लोक वेडे होते का? मुळीच नव्हते. त्यामागे साधा हिशेब होता. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जी सायकल निघाली तिची पायडलं थेट पुढच्या चाकाच्या आसाला लावलेली होती. चेन नव्हती. पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरणार. तीन फुटांचं चाक एका फेऱ्यात तीन मीटरहून थोडं कमी अंतर जातं. लहान मुलांच्या तीनचाकीवर मोठा माणूस बसला तर काय होईल, ते आठवा. पाय भराभर फिरतात आणि गाडी जागची फारशी हलत नाही.

आज आपल्या साध्या सायकलीत पुढच्या दातेरी चक्राला मागच्या फ्रीव्हीलपेक्षा साधारण अडीचपट दाते असतात. त्यामुळे पाय एकदा फिरवला की मागचं चाक अडीच वेळा फिरतं. ही सोय नसेल तर वेग वाढवायला एकच वाट उरते, चाक मोठं करा. पन्नास इंची चाकाचा घेर जवळजवळ चार मीटर होतो. मिनिटाला साठ वेळा पायडल मारलं तर ताशी चौदा किलोमीटरच्या पुढे जाता येतं. मग चाक वाढत गेलं, साठ इंचांच्या आसपास गेलं, आणि थांबलं. कुठे थांबलं? जिथे माणसाच्या पायाची लांबी संपली तिथे. कपडे शिवायला माप द्यावं तसं पायाचं माप देऊन लोक सायकल घेत.

एवढं मोठं चाक लाकडाचं केलं तर ते ओढणार कोण? त्यावर उपाय निघाला तारेच्या आऱ्यांचा. बैलगाडीच्या चाकात वजन लाकडी आऱ्यांवर उभं असतं. तारेच्या चाकात मधला तुंबा ताणलेल्या तारांनी सगळ्या बाजूंनी ओढून धरलेला असतो, म्हणून चाक हलकं होतं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात जेम्स स्टार्ली या कारागिराने ही विद्या पुढे नेली. आज आपल्या सायकलीत तारा तिरप्या, एकमेकींना छेदून जातात ना, ती रचना त्याने १८७४ साली पेटंट केली. तेव्हा या गाडीला हसण्यापूर्वी हे लक्षात ठेवा, की तिचं चाक आजही आपल्या बुडाखाली आहे.

आता पडण्याकडे येऊ.

स्वार चाकाच्या आसाच्या किंचित मागे, पण खूप वर बसलेला असायचा. समजा, माणूस आणि गाडी मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून सव्वा मीटर उंच आहे, आणि चाक जिथे जमिनीला टेकतं त्या जागेपासून फक्त पाव मीटर मागे आहे. म्हणजे प्रमाण पाचास एक. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली जाणारा उतार घ्या. अशा उतारावर वेग न वाढू देता, पुढच्या चाकाचा ब्रेक लावून उतरायचं ठरवलं, तर वजनाचा मध्य चाकाच्या टेकणीच्या बरोबर वर येतो आणि स्वार चाकावरून पलीकडे जातो. उतार याच्या निम्मा असला तरी तोल सांभाळायची निम्मी शिल्लक उताराने आधीच खाल्लेली असते. अशा वेळी ब्रेक जरा जोरात दाबला की संपलं. म्हणजे गंमत बघा, ज्या वस्तूने गाडी थांबवायची, त्याच वस्तूने माणूस फेकला जायचा.

ब्रेकही दूर राहू द्या. मुठीएवढा दगड, चाकोरी, रस्त्यात आडवं आलेलं कुत्रं, किंवा एखाद्या टारगट पोराने आऱ्यांत घातलेली काठी, काहीही पुरायचं. चाक अडकलं की गाडीचा सांगाडा आणि वरचा माणूस आसाभोवती पुढे फिरायचा. हँडलचा दांडा मांड्यांवरून गेलेला, त्यामुळे पाय खाली अडकलेले. उडी मारता येत नाही. माणूस सरळ डोक्यावर. इंग्रजीत या पडण्याला ‘हेडर’ असा खास शब्दच रूढ झाला. ज्या पडण्याला स्वतःचा शब्द मिळतो ते रोजचं असतं, हे काही वेगळं सांगायला नको. हात पुढे केले तर मनगट मोडायचं, खांद्यावर पडला तर गळ्याचं हाड. काहींचा जीव गेला.

उतारावर आणखी एक संकट. फ्रीव्हील नसल्यामुळे पायडलं फिरतच राहायची. पायाने ती अडवून वेग कमी करता येई, पण वेग हाताबाहेर गेला की पाय पायडलावर टिकत नसत. मग सराईत लोक काय करायचे? दोन्ही पाय उचलून हँडलच्या पुढे टाकायचे आणि गाडी सोडून द्यायचे. बघणाऱ्याला तो माज वाटायचा. खरं तर ती सावधगिरी होती. फेकले गेलोच तर निदान पाय आधी टेकतील, हा हिशेब.

चढणं-उतरणंही विद्याच होती. मागच्या लहान चाकाच्या वर एक पायरी असे. डावा पाय तिच्यावर, उजव्या पायाने लंगडी घालत गाडी ढकलायची, वेग आला की वर सरकून सीट गाठायची. थांबायचं असेल तर हेच उलट. रस्त्यात मध्येच थांबून पाय टेकणं शक्य नाही, कारण पाय जमिनीपर्यंत पोचतच नाही. थांबणं आणि पडणं यांत फक्त सरावाचं अंतर होतं. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८८४ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, शिकवणी लावून ही सायकल शिकला आणि त्या फजितीवर त्याने एक लेख लिहून ठेवला. तो त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला.

पडण्याखेरीज रोजचा जाच वेगळाच. टायर भरीव रबराचा, त्यात हवा नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खडा मनगटांना आणि कण्याला कळायचा. रबर रिमला चिकटवलेलं असे. ते सुटून चिमट्यात गुंडाळलं गेलं की पुन्हा डोक्यावरच. चिखल सरळ अंगावर. रात्रीचा दिवा चाकाच्या आत, आसाला टांगलेला. उलट वारा आला तर उंचावरचं माणसाचं अंग शिडासारखं तो अडवायचं.

त्यात माणसांचाही राग. घोडे बुजायचे, म्हणून गाडीवान खवळलेले. १८७६ साली इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या घोडागाडीच्या चालकाने एका सायकलस्वाराला चाबकाने मारलं, आणि मागे बसलेल्या त्याच्या साथीदाराने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा चाकात फेकला. रस्त्यावर नवीन वाहन आलं की आधीची वाहनं त्याला जागा देत नाहीत, ही काही आपल्याकडचीच तऱ्हा नाही.

आणि अशा गाडीवर बसून एक माणूस जगाभोवती गेला. थॉमस स्टीव्हन्स त्याचं नाव. जन्म इंग्लंडचा, राहणं अमेरिकेत. २२ एप्रिल १८८४ रोजी तो सॅन फ्रान्सिस्कोहून पन्नास इंची चाकाची सायकल घेऊन निघाला. सामान किती? मोजे, एक जादा सदरा, पिस्तूल, आणि एक रेनकोट. त्या रेनकोटचाच तंबू आणि त्याचंच अंथरूण. सिएरा नेवाडाच्या डोंगरात बर्फामुळे रस्ता नव्हता, तेव्हा रेल्वेमार्गावर बर्फापासून बचावासाठी बांधलेल्या लाकडी बोगद्यांतून त्याने गाडी ढकलत नेली. ४ ऑगस्टला तो बॉस्टनला पोचला. या प्रवासाचा फार मोठा भाग त्याने चालत केला. सायकल त्याला नेत होती आणि तो सायकलला नेत होता, अगदी देवगोईच्या घाटासारखं.

पुढे इंग्लंड, युरोप, तुर्कस्तान, इराण. अफगाणिस्तानात अधिकाऱ्यांनी त्याला पकडून परत पाठवलं, म्हणून वळसा घालून तो आगबोटीने हिंदुस्थानात आला. १८८६ साली लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत तो ग्रँड ट्रंक रोडने गेला. तो आपल्या महाराष्ट्रात आला नाही. पण त्याची वाट आपण नीट बघावी. ही सडक कंकर ठोकून पक्की केलेली, सपाट मैदानातली, झाडांच्या सावलीची. तिचं त्याने कौतुक केलं आहे. या देशात उंच चाकाची सायकल जर कुठे चालणार होती तर ती अशाच, सरकारने आधी बांधून ठेवलेल्या सडकेवर. सातपुड्याच्या पाऊलवाटेवर ती शंभर पावलंही गेली नसती. १७ डिसेंबर १८८६ ला योकोहामात त्याचा सायकलप्रवास संपला.

आता माझ्या विषयाकडे वळतो. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानाची, तेव्हा एवढी मुभा द्या.

आपल्या वेदान्तात लक्षणाचे दोन प्रकार सांगतात. स्वरूपलक्षण आणि तटस्थलक्षण. नेहमीचं उदाहरण असं: देवदत्ताचं घर कुठलं? ते, ज्याच्यावर कावळा बसलाय. कावळ्यावरून घर ओळखता येतं, पण कावळा घराचा भाग नव्हे. तो उडाला तरी घर तिथेच. हे तटस्थलक्षण. घराच्या भिंती मात्र घराचं स्वरूप आहेत. भिंती काढल्या तर घरच उरत नाही.

या सायकलवरून डोक्यावर पडणं, हा घरावरचा कावळा होता की घराची भिंत? त्या काळच्या पट्टीच्या स्वारांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, कावळा. नवखे पडतात, शिकलं की पडत नाहीत, पडला तर चूक त्याची. पण आपण आत्ताच हिशेब पाहिला. पाय आणि चाक थेट जोडलेलं, म्हणून वेगासाठी चाक मोठं, चाक मोठं म्हणून माणूस उंच आणि पुढे, माणूस उंच आणि पुढे म्हणून अडथळा आला की डोक्यावर. यातली एक कडी काढा, सायकल बदलते. म्हणजे पडणं ही भिंत होती. आपण ज्याला अपघात म्हणतो त्यातले पुष्कळसे अपघात नसतात, वस्तूचं स्वरूप असतं. ‘चूक त्याची’ म्हटलं की वस्तूकडे बघायचं राहून जातं.

बरं, ही भिंत दिसत असूनही लोक तिला इतकी वर्षं कावळा का म्हणत राहिले? कारण ती चालवणारे बहुतेक तरुण, पैसेवाले पुरुष होते. त्यांच्या दृष्टीने धोका हा दोष नव्हताच, तो दागिना होता. उंचावरून, वेगाने, लोकांच्या देखत जायचं आणि पडायचं नाही, यात मर्दुमकी होती. ट्रेव्हर पिंच आणि विबे बायकर या दोन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात यावर फार चांगलं लिहिलं आहे. ते म्हणतात, एकाच वस्तूच्या जागी खरं तर दोन वस्तू होत्या. तरुणांसाठी ती मर्दानी सायकल, आणि स्त्रिया, वयस्क, घाबरट म्हणून हिणवले गेलेले लोक, यांच्यासाठी ती धोकादायक सायकल. लोखंड तेच, रबर तेच.

स्त्रियांना ती चालवता येत नव्हती असं समजू नका. लुईझ आर्मेंडो नावाची एक बाई १८८० च्या दशकात अमेरिकेत उंच चाकावर शर्यती करत होती. पण लांब झगा घालून, समाजाच्या नजरेखाली, रोजच्या कामासाठी ही गाडी वापरणं अशक्य होतं. त्यांच्यासाठी तीनचाकी निघाली. खुद्द व्हिक्टोरिया राणीने १८८१ साली स्टार्लीच्या दोन तीनचाकी मागवल्या. पण तीनचाकी जड, महाग, आणि ठेवायला जागा लागणार.

दुरुस्त्या पुष्कळ झाल्या. अमेरिकेत ‘स्टार’ नावाची सायकल निघाली. तिचं लहान चाक पुढे, मोठं मागे. आता पुढे पडण्याची भीती गेली, पण चढावर जोर लावला की गाडी मागे उलटायची. कुणी हँडल पायांच्या मागून घेतलं, म्हणजे फेकलं गेल्यावर निदान पाय मोकळे. ही दुरुस्ती म्हणजे पडणं मान्य करून नीट पडायची सोय.

भिंत शेवटी पडली ती चेनमुळे. १८८५ साली जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, माणूस मधोमध आणि खाली, पायडलापासून चेन मागच्या चाकाला. वेग आता दात्यांच्या प्रमाणातून येऊ लागला, म्हणून उंचीची गरज संपली. या जातीच्या सायकलींना नावच पडलं ‘सेफ्टी’. पण चाकं लहान झाल्यावर धक्के वाढले. त्यावर १८८८ साली बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. पट्टीचे स्वार त्या जाड टायरला हसले. मऊ बसायला हवंय कुणाला? मग १८८९ मध्ये विली ह्यूम याने तेच टायर लावून बेलफास्टला शर्यती जिंकल्या आणि हसणं बंद झालं. जे आरामासाठी केलं ते वेगवान निघालं. दुबळ्यांची सोय म्हणून जे हिणवलं जातं ते पुष्कळदा सगळ्यांनाच पुढे नेतं, हे वाक्य मला या इतिहासाने शिकवलं. काही वर्षांतच उंच चाक नाहीसं झालं. १९२३ साली मुंबईहून अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि १९२८ साली परत आले, ते या सेफ्टीच्या वंशातल्या सायकलींवर.

पण उंच चाकवाल्यांचं एक ऋण मानलं पाहिजे. रस्ता कसा आहे हे त्यांच्या मनगटांना कळत होतं, म्हणून त्यांनी रस्त्यांसाठी तोंड उघडलं. अमेरिकेत १८८० साली त्यांची संघटना झाली आणि तिने पुढे चांगल्या रस्त्यांची चळवळ चालवली. इंग्लंडमध्ये सायकल क्लबांनी स्वतःच्या खर्चाने अवघड उतारांच्या माथ्यावर फलक लावले, की सायकलस्वारांनो, हा उतार धोक्याचा आहे. घाटात ‘वाहने सावकाश चालवा’ अशी पाटी दिसली तर तिच्या पूर्वजांमध्ये हे फलकही आहेत.

मोलगीत हे सगळं सांगायचं कारण हेच. या डोंगरात जीपच्या टपावर आणि मागच्या पायरीवर लटकून माणसं बाजाराला येतात. जीप उलटली की बातमी येते, क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी. म्हणजे चूक लटकणाऱ्याची. कावळा! त्या वेळी त्या पाड्याला दुसरं कोणतं वाहन होतं, हा भिंतीचा प्रश्न आहे आणि तो विचारला जात नाही. उंच चाकाच्या इतिहासाने मला एवढंच सांगितलं, की एखादी वस्तू, एखादा रस्ता, एखादी व्यवस्था सुरक्षित आहे असं कुणी म्हणालं तर आधी विचारावं, मोजताना कुणाला धरलं होतं? जे पडले ते धरले, की जे पडायच्या भीतीने कधी चढलेच नाहीत तेही धरले?

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, आमच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. पण इथे चढ एवढे, की त्या घरीच पडून राहतात. मग या योजनेला अर्थ काय?

उत्तर : प्रश्न चांगला आहे आणि तुमचा अनुभव माझ्यापेक्षा खरा. मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देतात. सायकलचा उपयोग होतो का? होतो. बिहारमध्ये २००६ पासून मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या गेल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतलं योग्य वयाच्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि शाळा लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला. पण बिहारची ती जमीन सपाट आहे. तिथे पाच किलोमीटर म्हणजे पाचच किलोमीटर. इथे मध्ये एक नाला आणि दोन टेकड्या असतात. नियम सपाटीवर बसून केलेला दिसतो. सायकल पडून राहिली म्हणून मुलगी आळशी ठरवू नका. तिच्या वाटेचा चढ मोजा, आणि तो लेखी कळवा. जिथे चालत नाही तिथे वसतिगृह किंवा एसटी मागा.

प्रश्न : पण सर, थोडा धोका नसेल तर पोरं शिकणार कशी? आम्ही दांड्यामधून पाय घालून, पडत पडतच शिकलो.

उत्तर : खरंय. पडल्याशिवाय सायकल येत नाही, आणि मी पडण्याच्या विरुद्ध नाही. दांड्यामधून पाय घालून शिकणारा पोरगा पडतो तेव्हा गुडघा फुटतो, तो हळद लावून पुन्हा चढतो. ते शिकण्यातलं पडणं. उंच चाकावरून पडणारा मान मोडून पडायचा, आणि मोडलेल्या मानेला काही शिकता येत नाही. शिवाय तो धोका त्याने हौसेने घेतला होता, त्याला घरी घोडागाडी होती. जीपला लटकणाऱ्या माणसाला निवड नसते. धोका घेणं वेगळं आणि धोक्यात टाकलं जाणं वेगळं, एवढा फरक पोरांना जरूर शिकवा.